फोनवरचं इंग्रजी: ‘टू’, ‘ऑन’, ‘फॉर’च्या या चुका टाळा

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. परराज्यातलं गिऱ्हाईक तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मार्केट यार्डातली मंडळी भावाला अडत नाहीत. इंग्रजीत फोन लावला की अडतात ती ‘टू’ आणि ‘ऑन’पाशी.

सगळ्यांत बोकाळलेली चूक ‘आय विल कॉल टू यू’. ‘तुम्हाला फोन करतो’मधला ‘ला’ इथं ‘टू’ होऊन घुसतो. ‘कॉल’ क्रियापद असेल तर मध्ये काहीच नको: ‘आय विल कॉल यू’. ‘फोन’ आणि ‘रिंग’चंही तेच. पण ‘कॉल’ नाम झालं की ‘टू’ हवा: ‘आय मेड अ कॉल टू द गोडाऊन’. ‘स्पीक’लाही हवा. ‘आय कॉल्ड हिम अँड स्पोक टू हिम अबाउट द रेट’ हे एक वाक्य घोटून घ्या, निम्मं काम झालं.

‘टू’ काढून ‘ऑन’ घालाल तर पंचाईत. ‘आय विल कॉल ऑन यू टुमॉरो’ म्हणजे उद्या भेटायला येतो! समोरचा चहा टाकून वाट बघत बसायचा. ‘कॉल ऑफ’ तर त्याहून महागात पडेल, कारण त्याचा अर्थ रद्द करणं.

बिलाबद्दल विचारायचं असेल तर ‘कॉलिंग अबाउट द बिल’ म्हणा. ‘फॉर’ म्हटलं की बिल मागताय असं वाटतं. ‘पाचपर्यंत फोन करा’चं ‘कॉल मी टिल फाइव्ह’ करू नका. तो बिचारा पाच वाजेपर्यंत फोनच करत राहील. ‘बाय फाइव्ह’ म्हणा.

नंबराआधी ब्रिटिश ‘ऑन’ म्हणतात, अमेरिकन ‘ॲट’. दोन्ही चालतात, वाद नको.

‘फोनवर आहे’ला ‘ऑन द फोन’ सरळ बसतं. ‘फोनवरून कळवलं’ला मात्र ‘फ्रॉम’ नाही, ‘ओव्हर द फोन’ किंवा ‘बाय फोन’. ‘फ्रॉम’ माणसासाठी किंवा गावासाठी ठेवा: ‘आय ॲम कॉलिंग फ्रॉम सांगली’.

आणि रेंज जाऊन फोन तुटला तर ‘यू हंग अप ऑन मी’ म्हणू नका. त्याचा अर्थ तुम्ही माझ्या तोंडावर फोन आपटलात. ‘वी गॉट कट ऑफ’ म्हणा आणि पुढचा भाव सांगा.