एक कोंबडी, तीन वार

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या घरात चिकनला उरतात रविवार, बुधवार आणि शुक्रवार. चार माणसांना या तीन रात्री मी एकाच कोंबडीत भागवते.

रविवारी सकाळी दुकानात रांग असते आणि "बोनलेस देऊ का ताई?" हा प्रश्न ठरलेला. नाही म्हणायचं. त्याचा भाव बराच चढा, शिवाय रश्श्याला चव हाडांचीच येते. सांगितलेला भाव जिवंत कोंबडीचा की साफ केलेल्या चिकनचा, तेही विचारून घ्या. दोन किलोची कोंबडी साफ होऊन साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम भरते. स्किन काढायला सांगा, चरबी बरीचशी तिथेच असते. पिशव्या तीन मागा: पाठ-मान-पंख-कलेजी, तंगड्या-मांड्या आणि छाती. शेवटच्या दोन घरी येताच फ्रीजरमध्ये.

कच्चं चिकन धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर होतात. सासूबाईंना हे अजिबात मान्य नाही. मग तह असा: नळाखाली धरायचं नाही, पातेल्यातच हलक्या हाताने धुवायचं आणि लगेच सिंक घासायचं.

रविवारी पहिली पिशवी. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर कांदा आणि आलं-लसूण परता, मग हळद, मीठ, चिकन. कलेजी मागे ठेवा, ती शेवटच्या दहा मिनिटांत घालायची, नाहीतर रबर होते. वर ताट झाका आणि ताटात पाणी ओता. चिकनला आपलंच पाणी सुटतं, ताटातलं वरच्या वर तापतं. कडेला बुडबुडे दिसले की तेच कढत पाणी आत घालायचं. गार पाण्याने रश्श्याची चव पडते. पंचवीसेक मिनिटांत अळणी, म्हणजे बिनतिखटाचा पातळ रस्सा, तयार. त्यातलं थोडं मुलांच्या भातावर, मिरपूड टाकून. उरलेल्याचा रस्सा. वाटणात सुकं खोबरं दोनच चमचे घ्या, दाटपणा दोन चमचे डाळं आणि भाजलेल्या कांद्याने येतो. दोन चमचे तेलात वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता, वर कांदा-लसूण मसाला. बोटभर तर्री हवीच असेल तर मिसळ खायला जा, घरच्या रश्श्याला नको.

बुधवारची पिशवी मंगळवारी रात्रीच खालच्या कप्प्यात वाडग्यात काढून ठेवा. ओट्यावर वितळवायची नाही. कॅम्पातल्या पारशी घरांत धनसाक, म्हणजे डाळ-भाज्यांत शिजवलेलं मटण, करतात; माझं त्याचंच गरीब भावंड. अर्धी वाटी तूर, अर्धी वाटी मसूर, लाल भोपळ्याची फोड, एक वांगं आणि मूठभर मेथी कुकरमध्ये शिजवून घोटायची. तंगड्या-मांड्या कांदा-टोमॅटो, धने-जिरे आणि तिखटावर परतून, थोड्या पाण्यात झाकून शिजवायच्या आणि या डाळीत सोडून दहा मिनिटं उकळायच्या. तुकडे कमी आहेत हे ताटात कुणाला जाणवतही नाही, कारण डाळीचं प्रथिन आणि भाजी पोट भरतात.

शुक्रवारी छाती. फ्रीजरमधून आदल्या रात्री काढा. बोटाएवढ्या जाड पट्ट्या कापून दही, लिंबू, मीठ आणि कोथिंबीर-मिरची-लसणाच्या वाटणात अर्धा तास मुरवा. लोखंडी तवा चांगला तापला की चमचाभर तेलावर पट्ट्या सुट्या-सुट्या मांडा. गर्दी केली तर पाणी सुटून उकडतात. एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग उलटा. सर्वांत जाड पट्टी कापून बघा, आत गुलाबी दिसली नाही की गॅस बंद. जास्त ठेवलंत तर चोथा. त्याच तव्यावर सिमला मिरची आणि कांदा फिरवून घ्या, तव्याला चिकटलेला मसालाही त्यात येतो. सोबत ज्वारीची भाकरी.