कॉलेजची एकांकिका बसवताय? या चुका टाळा

एकांकिका पडली की खापर परीक्षकांवर फुटतं, नाहीतर यजमान कॉलेजच्या माइकवर. पण विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत बहुतेक नाटकांचा घोळ त्याआधीच, तालमीची वेळ ठरवताना झालेला असतो. वर्षाचा क्रम साधारण ठरलेला: पावसाळा सरता सरता विद्यापीठाचा युवक महोत्सव, मग परीक्षा, हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) सात दिवसांचं शिबिर आणि त्यातलं पथनाट्य, शेवटी गॅदरिंग.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी संहिता आणि मग माणसं. पुण्या-मुंबईच्या स्पर्धेत गाजलेली एकांकिका कोणीतरी आणतो, त्यात अकरा पात्रं असतात आणि मग वर्गावर्गात पोट्टे शोधत फिरणं सुरू होतं. उलट करा. आधी कागद घ्या आणि कोण होस्टेलला राहतो, कोण कुठल्या गावाहून येतो, त्या गावची शेवटची एसटी किती वाजता, हे लिहून काढा. त्याच कागदावर कोणाच्या घरी सोयाबीन आहे तेही टिपा. महोत्सव आणि सोंगणी एकाच सुमारास येतात. गडचिरोली-गोंदियाकडे थोडं पुढे धान कापणी असते. त्या दिवसांत मजूर मिळत नाही, म्हणून पोरगा तालमीला येत नाही. त्याला बेजबाबदार ठरवून नाटकातून काढू नका, दोन प्रवेशांची भूमिका द्या. एका गाडीने येणाऱ्यांचे प्रवेश एकमेकांसोबत ठेवले, तर एक गाडी चुकल्याने अख्खी तालीम बुडत नाही.

‘आमच्याकडे मुली मिळत नाहीत’ ही तक्रारही इथलीच. संध्याकाळी सहाला तालीम ठेवल्यावर मिळणार कशा? तीच तालीम दुपारी शेवटच्या तासानंतर ठेवा, चारला सोडा आणि मॅडमना घरी एक फोन करायला सांगा. मुलगा साडी नेसवून उभा करायची पाळी बहुतेक वेळा टळते.

नियमांकडे दुर्लक्ष ही त्याखालोखालची चूक. भारतीय विद्यापीठ संघाच्या राष्ट्रीय महोत्सवात एकांकिकेला जास्तीत जास्त 30 मिनिटं आणि 9 कलाकार असतात. प्रहसनाला 10 मिनिटं आणि मूकनाट्याला 5, दोन्हीकडे 6 जण. विद्यापीठांचे महोत्सव बहुतेक याच धर्तीवर होतात, तरी आपल्या विद्यापीठाचं यंदाचं परिपत्रक वाचाच. तालमीत नाटक 26 मिनिटांत संपायला हवं, कारण प्रयोगात हशा आणि टाळ्या वेळ खातात. सेट लावायला-काढायला मिळून दहाएक मिनिटं मिळतात. त्यात प्लायवूडचा वाडा उभा राहत नाही. एक बाज, दोन स्टूल आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं एवढ्यात घर दिसतं, आणि ते गाडीतून सहज नेताही येतं.

भाषेबद्दल मी जरा हट्टी आहे. नायक-नायिका पुस्तकी मराठीत आणि फक्त गडी-मोलकरीण वऱ्हाडीत, हे आता बंद करा. अचलपूरचा पोरगा ‘डोया’ म्हणत असेल तर त्याच्या तोंडी ‘डोळा’ घालून तुम्ही त्याचा निम्मा अभिनय मारता. भंडाऱ्याच्या पोरीला ओढूनताणून वऱ्हाडी बोलायला लावणंही तितकंच खोटं. तिची झाडीबोली, म्हणजे पूर्व विदर्भातली बोली, तशीच राहू द्या. बाहेरच्या परीक्षकांना कळणार नाही अशी भीती असेल, तर पहिल्या दोन मिनिटांत अवघड शब्द टाळा, तेवढ्यात कान बसतो.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे त्याच पूर्व विदर्भातल्या पोरांना ‘तू ओव्हर करतोस’ म्हणून गप्प बसवणारे दिग्दर्शकही पाहिलेत. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या मंडळ्यांची रात्रभर चालणारी नाटकं बघत ती मोठी झाली आहेत. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय त्यांना आहे. ती राखा, फक्त हात कमी हलवायला सांगा.

बाकीच्यांचा आवाज मात्र पडतोच. पत्र्याच्या सभागृहात ओरडलं की घुमतं, आणि ओरडूनही वाक्याचा शेवटचा शब्द जातो. ‘बा, मी शाळा सोडून देतो’ यातला ‘देतो’ गिळला गेला की पुढच्याचं उत्तर अधांतरी. एकाला मागच्या भिंतीशी बसवा आणि ऐकू न आलेला शब्द वहीत लिहायला सांगा. माइक समोर असेल तर नट नकळत त्याच्याकडे सरकतात आणि सगळे एका ओळीत उभे राहतात. म्हणून वर्गातल्या फरशीवर खडूने मंच आखा, माइकच्या जागी वीट ठेवा आणि तिच्यापासून लांब राहून तालीम करा.

विजेचा हिशेब कोणी करत नाही. मंडपवाल्याचे 1000 वॅटचे चार हॅलोजन म्हणजे 4000 वॅट. पंधरा अँपिअरचा एक पॉइंट 230 व्होल्टला जेमतेम 3450 वॅट झेलतो. चारही एकाच बोर्डावर लावले की ऐन प्रसंगात अंधार होतो आणि लोकांना तो नाटकातलाच वाटतो. दोन वेगळ्या पॉइंटवर वाटा. एलईडी पार (मंचावरचे एलईडी दिवे) असले तर ही कटकट राहत नाही, पण ते पंख्याच्या रेग्युलेटरवर मंद करायच्या फंदात पडू नका.

पार्श्वसंगीत यूट्यूबवरून थेट वाजवू नका. बापाच्या प्रेताशेजारी पोरगी बसलेली असताना बनियनची जाहिरात लागली, तर तो प्रसंग पुन्हा उभा राहत नाही. फाइल उतरवून घ्या, क्रमाने नावं द्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ठरल्या जागी संगीत सोडणारा पोरगा तालमीपासून तोच ठेवा.

मेकअप कमी करा, एवढंच.

लेखकाची लेखी परवानगी वेळेत घ्या. जाहीर प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. शेवटच्या आठवड्यात त्याच्यामागे धावून उपयोग नाही.

शिबिरातल्या पथनाट्यासाठी महोत्सवाची एकांकिका कापून नेऊ नका. तिथे विंग नाही, अंधार नाही, आणि प्रेक्षक चारी बाजूंनी असतात. पाठ कोणाकडे तरी होणारच, म्हणून फिरत राहा आणि महत्त्वाचं वाक्य दोन दिशांना दोनदा म्हणा. वेळ सरपंचांना नव्हे, गावातल्या बायांना विचारून ठरवा. दूध काढायच्या वेळी डफ वाजवला तर समोर फक्त लहान पोरं बसतात. जेवणं आटोपल्यावर, पारावर, पंधरा मिनिटं पुरे.