२० अँपिअरचा पॉवर सप्लाय बांधताय? या चुका टाळा

हॅम रेडिओचा १०० वॉटचा एचएफ रिग (शॉर्टवेव्हवर बोलण्या-ऐकण्याचा संच) ट्रान्समिटवर १३.८ व्होल्टला साधारण २० अँपिअर ओढतो. नुसतं ऐकताना एक-दोनच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून घरी बांधलेले बरेच सप्लाय मी उघडून पाहिले आहेत. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या ७२३ आयसीचं सर्किट चुकलंय असं क्वचितच निघतं. घोळ असतो तो कागदावर नुसती रेघ ओढलेल्या ठिकाणी: वायर, लग (वायरीच्या टोकाला लावायचं धातूचं कडं), स्क्रू, फ्यूज होल्डर. २० अँपिअरला यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक रेझिस्टर आहे.

नेहमीची तक्रार अशी, की सप्लायच्या मीटरवर १३.८ बरोबर दिसतात, पण पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबला की रिग बंद पडतो. मीटर सप्लायवर नको, रिगच्या सॉकेटवर लावा आणि मग ट्रान्समिट करा. दोन मीटर लांब, १.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) वायर घेतली असेल तर जाऊन-येऊन चार मीटर तांबं होतं आणि त्यातच ०.९ व्होल्ट जातात. ४ स्क्वेअरला हाच आकडा ०.३५ वर येतो. बऱ्याच रिगना १३.८च्या १५ टक्के खालीवर चालतं, म्हणजे खाली ११.७पर्यंत. वायरने एक खाल्ला, सैल होल्डरने आणखी थोडा, की ती हद्द जवळ आलीच.

गिरगावातल्या एका मित्राकडे वायर जाड होती, तरी रिग पडायचा. दोन मिनिटं डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) चालवून निगेटिव्ह टर्मिनलला हात लावला तर बोट ठेववेना. लग काढला, खालचं तांबं हिरवं पडलं होतं. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात हे होतं. जोडात फक्त १० मिलिओहम असले तरी २० अँपिअरला तिथे ४ वॉट जळतात. कानस मारून तांबं चकचकीत केलं, कथिल चढवलेला लग घट्ट क्रिंप केला, स्प्रिंग वॉशर टाकला आणि तक्रार संपली. शंका असेल तर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून चालू लोडमध्ये प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजू मोजा. जोड स्वतःच चूक सांगतो. ७२३च्या सेन्सच्या, म्हणजे आउटपुट व्होल्टेज मोजणाऱ्या, दोन्ही वायरी मात्र थेट आउटपुट टर्मिनलवरूनच घ्या, मधूनच नको.

रेडिओवर समोरचा म्हणाला की तुमच्या आवाजात घरघर आहे, तर कपॅसिटर पाहा. ५० हर्ट्झवर ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतर) दर १० मिलिसेकंदांनी एक शिखर येतं. मधले सात-आठ मिलिसेकंद कपॅसिटर एकटाच रिगला पोसतो. १०,००० मायक्रोफॅरडचा एकच डबा लावला तर हिशेबाने १६ व्होल्ट खचायला हवेत, म्हणजे रेग्युलेटरच्या हातात काही उरतच नाही. ६०,००० लावले की ही घसरण पावणेतीन व्होल्टवर येते. आणि २० अँपिअर लिहिलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून सतत २० अँपिअर डीसी मागू नका. कपॅसिटर चार्ज होताना करंट झटक्याझटक्याने येतो, त्यामुळे वाइंडिंगला दीडपटीहून जास्त सोसावं लागतं.

पास ट्रान्झिस्टर, म्हणजे रिगचा सगळा करंट वाहणारे, २एन३०५५च असतील तर किमान पाच लावा आणि प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर द्या. तो नसेल तर सर्वांत गरम ट्रान्झिस्टर अधिकाधिक करंट घेत जातो आणि पहिला जातो. डेटाशीटवरचे ११५ वॉट केस २५ अंशांवर असतानाचे आहेत. मे महिन्यात मुंबईतली खोलीसुद्धा २५ नसते. पूर्ण लोडवर हे पाच जण मिळून १६० वॉटच्या आसपास उष्णता टाकतात. हीटसिंक मोठा घ्या, पंखा लावा, मायका वॉशरला दोन्ही बाजूंनी कंपाउंड लावा. ७२३ जेमतेम १५० मिलिअँपिअर देतो, म्हणून मध्ये ड्रायव्हर ट्रान्झिस्टर हवाच.

क्रोबार (व्होल्टेज जास्त झालं की आउटपुट शॉर्ट करून रिग वाचवणारं सर्किट) टाळू नका, हे मी हात जोडून सांगतो. माझ्या पहिल्या सप्लायमध्ये तो नव्हता. एका रात्री एक ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर शॉर्ट झाला आणि कपॅसिटरवरचे २३ व्होल्ट सरळ रिगमध्ये गेले. आधी जळका वास आला, मग डिस्प्ले गेला. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला रिग होता तो. एक झेनर (ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) आणि एक दणकट एससीआर (इशारा मिळताच चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), १५-१६ व्होल्टला पेटणारा, एवढंच लागलं असतं. फ्यूज मात्र कपॅसिटर आणि पास ट्रान्झिस्टरांच्या मधे ठेवा, म्हणजे एससीआर पेटताच तोच उडेल.

डमी लोडवर सगळं ठीक, पण अँटेना लावली की व्होल्टेज नाचतं? मग आरएफ, म्हणजे रिगच्याच रेडिओ लहरी, ७२३मध्ये शिरतंय. आउटपुट टर्मिनलवर आणि आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावा, वायरीवर फेराइट चढवा.

रिग जोडण्याआधी चाचणी गाडीच्या ६० वॉटच्या हेडलाइट बल्बांवर करा. चार समांतर जोडले की २० अँपिअरच्या आसपास करंट मिळतो. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी जास्त ओढतं, म्हणून बल्ब एकेक करून लावा. अर्धा तास चालवा, दर पाच मिनिटांनी व्होल्टेज लिहून ठेवा. हात लावून पाहायचं ते प्लग काढून, कपॅसिटरवरचं व्होल्टेज ब्लीडरने (त्याला समांतर लावलेल्या रेझिस्टरने) शून्यावर आल्याचं मीटरवर पाहून, आणि बोटातली अंगठी काढून.