टॉकबॅक मराठी वर्कशीट वाचंना, नुसती इंग्रजी अक्षरं बोलतं: असं सुटलं

परभणी जिल्ह्यातली आमची शाळा, सातवीतल्या एका पोराला दिसत नाही. मी पाठवलेली वर्कशीट उघडली की टॉकबॅक (अँड्रॉइड फोनात पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) नुसती इंग्रजी अक्षरं अन् कंस बोलायचं, फोन कानाला लावून तो म्हणायचा, "सर, काय बोलायलंय समजंना." लई जीव तुटायचा.

फोन बदलला, टॉकबॅक बंद-चालू केलं, काही फरक नाही. गडबड फाइलीतच होती, जुन्या टायपिंग फॉन्टातली मराठी फक्त दिसायला मराठी, आत कोड इंग्रजीचेच. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपात पेस्ट करा, इंग्रजी कचरा आला की समजा हेच दुखणं.

मग आधी सगळा मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमधी केला, त्यात मराठी अक्षराला मराठीचाच कोड असतो, अन् रफार, जोडाक्षरं स्वतः तपासली, चुका तिथंच राहतात. पीडीएफ न करता वर्ड फाइलच पाठवली, कारण पीडीएफमधून वाचताना वेलांट्या बऱ्याचदा मागंपुढं होतात. नंतर त्याच्या फोनात सेटिंग्जमधी टेक्स्ट-टू-स्पीच (मजकूर बोलून दाखवायची सेटिंग) शोधलं, तिथं बोलणाऱ्या इंजिनाच्या नावाशेजारच्या गिअरच्या चिन्हावर टॅप, इन्स्टॉल व्हॉइस डेटा, मराठी डाउनलोड, मग मागं येऊन भाषा मराठी अन् स्पीड थोडी कमी.

काल तिसरा प्रश्न त्यानं दोनदा मागं नेऊन ऐकला अन् उत्तर वर्गात सगळ्यांच्या आधी सांगितलं.