ग्रीस टेस्टचा गुलाबी रंग बघून खूश होऊ नका

नायट्रिक ऑक्साइड आणि प्लेटलेट्स हा विषय पीएचडीला घेतलाय? मग थिअरी पाठ असेलच. धमनीच्या आतल्या अस्तरात एल-आर्जिनिनपासून हा वायू तयार होतो, प्लेटलेटमध्ये शिरतो, सीजीएमपी (प्लेटलेटच्या आतला, तिला शांत ठेवणारा निरोप्या रेणू) वाढवतो आणि तिला चिकटू देत नाही. धमनीतल्या गुठळीत प्लेटलेट्सचाच भरणा, म्हणून अस्तर बिघडलं की धोका. या शोधाचे मानकरी फर्चगॉट, इग्नारो, मुराद, 1998 चं नोबेल, हे सगळं व्हायव्हापुरतं. बेंचवर हा वायू फार वांड आहे.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते डोनरने, म्हणजे द्रावणात हा वायू सोडणाऱ्या रसायनाने. माझा डोनर डीईए-नोनोएट. तो अल्कलीत टिकतो, पण 7.4 पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) गेला की लगेच फुटायला लागतो. 37 अंशांवर अर्धायुष्य जेमतेम 2 मिनिटं, 22 ते 25 अंशांवर 16 मिनिटं. आता नागपूरचा मे आठवा. एसी बंद, कूलर नुसता घरघरतोय, बाहेर 45. माहितीपत्रकातलं ‘रूम टेम्परेचर’ आपल्या रूमचं नसतं! बफरमध्ये स्टॉक (मूळ द्रावण) करून आधी कंट्रोल (तुलनेसाठीच्या, डोनर नसलेल्या नळ्या) चालवलेत, तर डोनरची पाळी येईपर्यंत तो संपलेला. एडीपी (प्लेटलेट्सना चिकटायला लावणारं रसायन) टाकला की चिकटण्याचा ग्राफ मस्त वर चढतो आणि आपण लिहून मोकळे: ‘परिणाम नाही.’

आणि खरी मेख पुढे आहे. शंका आली म्हणून ग्रीस टेस्ट लावली, तर नळी झकास गुलाबी. सीनियर म्हणतो, “कलर येऊन राहिला ना बे, मग काय प्रॉब्लेम?” प्रॉब्लेम हाच की ग्रीस नायट्राइट मोजते, आणि नायट्रिक ऑक्साइड संपल्यावर मागे उरतं ते नायट्राइटच. म्हणजे मेलेला डोनरही गुलाबीच दिसणार. माझे कित्येक महिने त्या रंगाच्या भरवशावर गेले.

म्हणून स्टॉक 10 मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, बर्फावर, त्याच दिवशी करा. नळीत टाकताना अगदी थोडा टाका, नाहीतर पीएचच हलेल. थोडा डोनर बफरमध्ये रात्रभर मरू द्या आणि तोही कंट्रोल म्हणून चालवा. ताज्याने गुठळ्या अडल्या आणि मेलेल्याने नाही, तरच बोला. सीनियरच्या प्रोटोकॉलची झेरॉक्स मारून काम करणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. लॅब टेक्निशियन दादांना चहा पाजा, गाइडपेक्षा जास्त शिकाल.

घाबरू नका, हात बसतो. प्लाझ्मा लालसर दिसला तर मात्र हळहळू नका, सरळ फेका. फुटलेल्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन हा वायू गिळून टाकतं. नमुना फ्रीजमध्येही ठेवू नका, थंडीने प्लेटलेट्स चेकाळतात. आणि रक्त देणाऱ्याला “काही औषध घेता का?” असं मोघम विचारलंत तर तो नाहीच म्हणणार. उन्हात डोकं दुखलं म्हणून घेतलेली डिस्प्रिन कुणी औषधात धरत नाही, पण ती ॲस्पिरिनच, प्लेटलेट्सना थंड करणारी. नाव घेऊनच विचारा, मागच्या 10 दिवसांचं.