लॅकरखाली दबलेली अर्थिंगची तार

इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. सागवानाची बॉडी घरीच कापली, नेक (गिटारची मान) तयार आणला. घोडचूक एकच, एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर जुलैत मारलं. डोंबिवलीची दमट हवा. दुसऱ्याच हाताला बॉडीवर दुधाळ झाक आली. मी पॉलिशपेपर काढला, तेवढ्यात आमचे पॉलिशवाले काका म्हणाले, "घासू नका, ओल बसलीय." थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथेच धरते. आठवड्याने उघडीप मिळाली तेव्हा रिटार्डर थिनरचा (हळू उडणाऱ्या थिनरचा) अगदी हलका फवारा मारला. झाक विरघळली. मग उरलेले हात, महिनाभर सुकवण, शेवटी २००० नंबरचा वॉटरपेपर.

जोडणी एका रविवारात उरकली. नट (मानेच्या टोकाची तारांची खाचपट्टी) ते बारावा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) १२.७५ इंच, म्हणून ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारांचा आधार, दुप्पट अंतरावर, २५.५ इंचावर (जाड तारांची सॅडल, म्हणजे ब्रिजवरची टेकणी, किंचित मागे). अँप लावला आणि घूंऽऽ! जॅकच्या (केबल खुपसायच्या जागेच्या) धातूला बोट लावलं की आवाज कमी, तारांना लावलं तर ढिम्म फरक नाही. म्हणजे तारा अर्थच नव्हत्या. मल्टिमीटर जॅक आणि ब्रिजला लावला, बीप नाही, म्हणजे जोडच नाही. ब्रिज उचलला तर अर्थिंगची तार जागच्या जागी, पण उघड्या टोकावर लॅकरचा चकचकीत थर! फवारणीआधीच तार ओवून ठेवायचा शहाणपणा माझाच. ब्लेडने खरवडली, पदर पिंजारून पसरले, ब्रिज आवळला. बीप!

पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा असल्याने ट्यूबलाइटजवळ थोडी गुणगुण अजून आहे. ती अडवायला आतून लावायची तांब्याची टेप आणून ठेवलीय.