जोशुआ ट्रीला आरव्ही नेण्याआधी

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मोझावे वाळवंटाचा उंचावरचा पट्टा जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये येतो. इथला जंबो रॉक्स हा मुक्कामाचा तळ साधारण १,३४० मीटरवर आहे. तळावर गाडीपुरती जागा, टेबल, जाळ करायचं कडं आणि शौचालय एवढंच मिळतं. वीज, पाणी आणि सांडपाण्याची थेट जोडणी, म्हणजे हुकअप, पार्कच्या एकाही तळावर नाही. त्यामुळे आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, नेताना तयारी पाणी आणि बॅटरी यांच्या हिशोबापासून सुरू करायची. खाऊ आणि खुर्च्यांचा नंबर त्यानंतर.

जागा आणि मोसम मात्र त्याआधी ठरवा. ऑक्टोबर ते एप्रिल हा चांगला काळ. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि जनरेटर दिवसातून तीनदाच चालवता येतो: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. म्हणजे रात्रभर एसी लावायची सोयच नाही. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर उन्हाळा टाळलेलाच बरा. आरक्षण होणाऱ्या तळांच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात. थँक्सगिव्हिंग आणि नाताळची सुट्टी साधायची असेल तर त्याच सुमाराला बुक करा. हिडन व्हॅली आणि व्हाइट टँक या तळांवर गाडीच्या लांबीला २५ फुटांची मर्यादा आहे आणि मागे ट्रेलर असेल तर दोन्हींची लांबी मिळून मोजतात. भाड्याच्या जाहिरातीतला ‘२५ फुटी’ हा आकडा कधी कधी मॉडेलचा असतो. बंपर आणि मागची शिडी धरून खरी लांबी किती, ते मालकाला विचारून घ्या.

आता पाणी. पिण्यासाठी माणशी रोज किमान ४ लिटर धरा, चालायला जाणार असाल तर जवळपास दुप्पट. चार माणसं आणि तीन रात्री, म्हणजे चार दिवस, धरले तर निव्वळ पिण्याचं किमान ६४ लिटर होतं. हे पाणी गाडीच्या टाकीत न भरता वेगळ्या कॅनमध्ये घ्या. टाकीतलं पाणी पंप बंद पडला की हाताशी राहत नाही आणि शिल्लक दाखवणारे दिवेही भरवशाचे नसतात. मधल्या आकाराच्या आरव्हीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १५० लिटरची असते. ती भांडी, हातपाय आणि फ्लशसाठी ठेवा. पार्कच्या तळांपैकी पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय ब्लॅक रॉक आणि कॉटनवूडलाच आहे. जंबो रॉक्स, रायन, बेल इथे नळ नाही. आपल्याकडे स्वच्छ पाणी संपण्याच्या आधी सांडपाण्याची टाकी भरते, कारण भांडी वाहत्या पाण्याखाली घासायची सवय. खरकटं आधी कागदाने पुसा, दोन घमेल्यांत धुवा. तेलकट पाणी झुडपात ओतायला बंदी आहे, आणि त्याच्या वासाने उंदीर व कोल्ह्यासारखे कायोटी तळावर येतात.

बॅटरीचं गणित थंडीच्या रात्री चुकतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो. हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि साधारण ७ ते ८ अँपिअर खातो. दहा तासांत तो निम्मा वेळ जरी फिरला तरी ३५ ते ४० अँपिअर-तास गेले. शंभरच्या एका लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइलसाठी जेमतेम दहा-पंधरा उरतात. भाड्याने घेताना बॅटऱ्या किती, कोणत्या जातीच्या आणि किती जुन्या, हे तीन प्रश्न विचाराच. सकाळी सातला जनरेटर लावला तरी दोन तासांत बॅटरी पूर्ण भरत नाही, कारण भरत आली की ती वीज हळूहळू घेते. संध्याकाळचे दोन तासही म्हणून वाया घालवू नका. हीटर रात्री १३-१४ अंशांवर ठेवून जाड रजया घेणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून झोपणं जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

जनरेटर बहुधा गाडीच्याच पेट्रोलवर चालतो आणि टाकी पाव भागावर आली की आपोआप थांबतो. पार्कमध्ये पेट्रोल मिळत नाही. युका व्हॅली किंवा ट्वेंटीनाइन पाम्स या शेजारच्या गावांत टाकी काठोकाठ भरा. या उंचीवर जनरेटरची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते, त्यामुळे मायक्रोवेव्ह आणि एसी एकदम लावू नका.

स्वयंपाकालाही उंची जाणवते. पाणी ९६ अंशांच्या थोडं खालीच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकर न्या आणि एक-दोन शिट्ट्या जास्त करा. राजमा-छोले घरीच भिजवून, उकडून, डब्यात गोठवून आणले की पाणी आणि गॅस दोन्ही वाचतं. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी समपातळीत हवी, तिरपी राहिली तर तो नीट थंड करत नाही. चाकाखाली घालायचे ठोकळे म्हणूनच हवेत.

वाऱ्याला कमी लेखू नका. लॉस एंजेलिसकडून आय-१० महामार्गाने येताना सॅन गोर्गोनिओ खिंडीत पवनचक्क्या दिसू लागल्या की वेग कमी करा, उंच गाडीला आडवा वारा ढकलतो. तळावर गाडीची ताडपत्री, म्हणजे ऑनिंग, उघडी टाकून फिरायला जाऊ नये. एका झोतात तिचे दांडे वाकतात आणि भुर्दंड भाडेकरूला पडतो. तंबूही लावणार असाल तर भरड वाळूत आखूड खुंट्या टिकत नाहीत, किमान ३० सेंटिमीटरच्या घ्या.

पार्कच्या बहुतेक भागात मोबाइल चालत नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. सरपण विकत घेऊन न्या, तिथलं वाळलेलं लाकूड उचलायला मनाई आहे. चोया निवडुंगाचे काटे हाताने काढायला गेलात तर बोटांत रुततात, त्यासाठी कंगवा आणि चिमटा हवा. ताऱ्यांसाठी लाल उजेडाचा टॉर्च घ्या. सगळ्यांत काळोखं आकाश कॉटनवूडला मिळतं.

निघताना गाडीखाली वाकून पाहा, सावलीला वाळवंटी कासव बसलेलं असू शकतं. असलं तर ते आपणहून जाईपर्यंत थांबा, उचलू नका. घाबरून ते साठवलेलं पाणी सोडून देतं आणि त्या पाण्याविना मरूही शकतं. मग ब्लॅक रॉक किंवा कॉटनवूडला आधी शौचालयाची टाकी रिकामी करा आणि नंतर सांडपाण्याची, म्हणजे नळी त्याच पाण्याने धुतली जाते. हातमोजे विसरू नका.